निनावी बैठक आणि ओळखीचे गाव

दारूच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणारी माणसे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एकत्र बसतात, डॉक्टर किंवा उपदेशक मध्ये न घेता आपापले अनुभव एकमेकांना सांगतात आणि त्या सांगण्याऐकण्याच्या बळावर पुढचे काही दिवस न पिता काढतात, अशा व्यवस्थेला आधारगट म्हटले जाते. गटातली माणसे मात्र तिला सरळ ‘मीटिंग’ म्हणतात आणि या प्रकरणातही तोच शब्द वापरला आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात मीटिंग गाठणे हा मुख्यतः मनाच्या तयारीचा प्रश्न असतो, कारण तेथे आठवड्यातल्या कोणत्याही दिवशी कोठे ना कोठे गट बसलेला असतो आणि एका उपनगरातला माणूस दुसऱ्या उपनगरात जाऊन कोणाच्या नजरेस न पडता परतू शकतो. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या खेड्यात हीच गोष्ट अंतर, भाषा आणि ओळख अशा तीन बाजूंनी अडते, आणि या तिन्हींत अंतराची अडचण सर्वांत लहान ठरते.

मादन हिप्परगा हे कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातले होबळीचे गाव आहे. होबळी म्हणजे तालुक्याखालचा, महाराष्ट्रातल्या महसूल मंडळासारखा घटक. सीमेपलीकडे धाराशिव जिल्ह्याचा उमरगा आणि सोलापूर जिल्ह्याचा अक्कलकोट हे तालुके लागतात. आळंदचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात आणि त्यानंतर आजच्या कर्नाटकात राहिला, त्यामुळे कचेरीचा कागद कन्नडमध्ये, घरातले बोलणे अनेकदा मराठीत, बाजारातली देवघेव दखनीत आणि बंजारा तांड्यावरचा व्यवहार गोरमाटीत, असा भाषांचा गोफ येथे नित्याचा आहे. दारूच्या बाबतीत सीमेची आणखी एक तऱ्हा दिसते. कर्नाटकाने १ जुलै २००७ पासून अरक म्हणजे तिकडची स्वस्त देशी दारू विकण्यावर बंदी घातली, तर महाराष्ट्रात परवानाधारक देशी दारूची दुकाने चालूच राहिली. दोन्ही राज्यांचे दारूबंदीचे दिवसही नेहमी जुळत नाहीत. पिणाऱ्याला अशा ठिकाणी एका बाजूचे दुकान बंद असले तरी दुसऱ्या बाजूचे उघडे सापडते. सोडू पाहणाऱ्याला मात्र तीच सीमा आडवी येते, कारण सरकारी रुग्णालये, योजना आणि गटांची जाळी राज्याराज्यांनुसार विणलेली आहेत आणि कलबुर्गीचा कर्मचारी सोलापूरच्या गटाचा पत्ता सहसा देत नाही. पिण्यासाठी जो माणूस दोन्ही बाजूंना जात होता, त्याने सोडण्यासाठीही दोन्ही बाजूंना जावे, हा येथला पहिला व्यावहारिक नियम मानावा लागेल.

मदतीची गरज आणि मदतीची पोच यांतले अंतर किती मोठे आहे, हे एका आकड्यावरून कळते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली; तिच्यानुसार १० ते ७५ या वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी अंदाजे २.९ कोटी लोक दारूवर अवलंबून आहेत. अवलंबित्व म्हणजे पिण्याचे प्रमाण वाढत जाणे, न मिळाल्यास शरीराने बंड करणे आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही हात न थांबणे. अशा अवलंबून असलेल्या लोकांत साधारण ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचे आढळले, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक होता. या अवस्थेच्या अलीकडे, म्हणजे पिणे हानिकारक झाले आहे पण अवलंबित्व जडलेले नाही अशा टप्प्यावर असलेल्यांना मीटिंगची गरज असतेच असे नाही. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने प्रशिक्षित बिगर-डॉक्टर समुपदेशकांकडून अशा पुरुषांशी मोजक्या भेटींत बोलणी करून पाहिली. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ३६ टक्क्यांचे पिणे सुरक्षित पातळीवर आले होते, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातली नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले. मीटिंगचा विषय त्यापुढच्या टप्प्यातल्या माणसांचा आहे.

या माणसांच्या बाबतीत एक क्रम चुकवून चालत नाही. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने निश्चय करून घरच्या घरी एकदम दारू बंद केली, तर काही तासांतच हातांना कंप, घाम, उलट्या आणि झोप उडणे सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होऊन नसलेली माणसे वा किडे दिसणे, वेळकाळाचे भान सुटणे अशी ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ नावाची अवस्था उद्भवू शकते, जिच्यात वेळेवर उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवतो. खेड्यात या अवस्थेला बाहेरची बाधा समजून रुग्णाला अंगारा लावण्यात मोलाचे दिवस जातात. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने आधी डॉक्टर आणि मग मीटिंग असा क्रम ठेवावा. कलबुर्गी आणि बीदर या दोन्ही ठिकाणच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमाखाली मानसोपचारतज्ज्ञांनी मंगळवारी तालुका रुग्णालयात येण्याची योजना आहे, त्यामुळे आळंदच्या रुग्णालयात मंगळवारी चौकशी करणे हे सर्वांत जवळचे पहिले पाऊल ठरते. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशी जी जाहिरात रंगवलेली असते, तिच्यापासून मात्र दूर राहिलेले बरे. दारूशी वैर करणारे डायसल्फिराम नावाचे औषध डॉक्टर रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीने देतात, कारण ते पोटात असताना दारू प्यायल्यास रक्तदाब कोसळण्यापर्यंत मजल जाऊ शकते. आमटीत गुपचूप मिसळलेल्या पुडीत काय आहे हे ना बायकोला ठाऊक असते, ना विकणाऱ्याला.

औषधाने शरीर दारूवाचून राहायला शिकते, पण संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा काय करायचे, हा प्रश्न औषध सोडवत नाही. मीटिंगचा जन्म नेमका त्याच प्रश्नातून झाला. न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल बिल डब्ल्यू. हा १९३५ मध्ये ओहायो राज्यातल्या ॲक्रन या परक्या गावी धंद्याच्या कामाने गेला असता काम फसले, पिण्याची ओढ अनावर झाली, आणि तेव्हा त्याने बारमध्ये न जाता आपल्यासारख्याच एखाद्या पिणाऱ्याशी बोलायला मिळावे म्हणून फोनवर शोध चालवला. त्यातून त्याची तेथल्या डॉ. बॉब या शल्यचिकित्सकाशी गाठ पडली. डॉ. बॉबने शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ हा दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ म्हणजे ‘ए.ए.’ या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. आडनावाऐवजी एकच अक्षर लावण्याची तिची रीत आहे. १९३९ मध्ये तिचे मूळ पुस्तक आले, १९५७ मध्ये मुंबईत भारतातल्या ए.ए.च्या कामाला सुरुवात झाली, आणि आज मराठीतून चालणारे गट महाराष्ट्रभर पसरले आहेत. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की या साऱ्याची सुरुवात बिलच्या घरापासून दूर, त्याला अनोळखी गावात झाली, जेथे दोघांपैकी कोणाचाही दुसऱ्याच्या भूतकाळावर दावा नव्हता.

मीटिंग प्रत्यक्षात कशी असते, याविषयी बाहेर फार चुकीच्या कल्पना आहेत. बहुतेकांना ती कीर्तनासारखी किंवा शिबिरातल्या व्याख्यानासारखी वाटते. प्रत्यक्षात शाळेच्या वर्गात, चर्चच्या किंवा समाजमंदिराच्या खोलीत, दहा-पंधरा खुर्च्या मांडून, तासदीड तास ती चालते. एक जण अध्यक्षस्थानी असतो, पण तो त्या दिवसापुरता. पुढच्या वेळी दुसरा असतो. आरंभी उद्देशिका वाचली जाते, प्रार्थना होते, मग एकेक जण आपले पहिले नाव सांगून, आपण मद्यपी आहोत असे म्हणून बोलू लागतो, आणि बाकीचे त्याला नावाने नमस्कार करतात. या बोलण्याला ‘शेअरिंग’ म्हणतात. त्याचे व्याकरण ठरलेले आहे: पूर्वी कसे होते, काय घडले आणि आता कसे आहे. मध्ये कोणी बोलत नाही, प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही, ‘माझे त्याहून वाईट होते’ असेही म्हणत नाही. नवागताला बोलण्याची सक्ती नसते; ‘ऐकायला आलो आहे’ एवढे सांगून तो तासभर गप्प बसू शकतो. संघटना आपल्या तत्त्वांना ‘परंपरा’ म्हणते; त्यांपैकी तिसऱ्या परंपरेनुसार दारू सोडण्याची इच्छा ही सदस्यत्वाची एकमेव अट आहे, म्हणून तेथे नाव नोंदवणे, फी, ओळखपत्र, जात, धर्म, पक्ष यांपैकी काहीही विचारले जात नाही. सातव्या परंपरेनुसार खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो, बाहेरची देणगी घेतली जात नाही, आणि शेवटी फिरणाऱ्या डब्यात नवागताने काही टाकावे अशी अपेक्षाही नसते.

याखेरीज काही शब्द नव्या माणसाला कानावर पडतात. ‘बारा पायऱ्या’ म्हणजे दारूपुढे आपण हतबल आहोत हे मान्य करण्यापासून दुखावलेल्यांची भरपाई करण्यापर्यंत आणि पुढे दुसऱ्या मद्यपीला मदत करण्यापर्यंतचा स्वतःवरच्या कामाचा क्रम. ‘स्पॉन्सर’ म्हणजे काही काळ न पिता राहिलेला असा जुना सदस्य, ज्याला नवा माणूस रात्री-अपरात्रीही फोन करू शकतो. ‘स्लिप’ म्हणजे काही काळ सोडल्यानंतर पुन्हा पिणे. ‘वाढदिवस’ म्हणजे न पिण्याचे वर्ष पूर्ण झाल्याचा दिवस, ज्या दिवशी अनेक गट केक कापतात. ‘क्लोज्ड मीटिंग’ फक्त मद्यपींसाठी असते, तर ‘ओपन मीटिंग’ला घरचे, डॉक्टर किंवा जिज्ञासू येऊ शकतात, त्यामुळे एकट्याने जायला धीर होत नसेल त्याने ओपन मीटिंगची तारीख विचारून सोबत घेऊन जाणे सोयीचे. पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख आहे आणि त्यावरून ही ख्रिस्ती मंडळी असावीत अशी शंका खेड्यात नेहमी घेतली जाते. पण तो उल्लेख ‘आपल्याला समजला तसा’ या मुभेसह आहे, आणि सदस्यांत विठ्ठल मानणारे, अल्लाला मानणारे, बसवण्णांना मानणारे व काहीच न मानणारे असे सगळे असतात. ही पद्धत चालते की नाही, याबद्दल डॉक्टरांमध्ये दीर्घकाळ वाद होता. २०२० मध्ये कोक्रेन या पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेच्या समीक्षेने २७ अभ्यास आणि १०,५६५ सहभागी यांचा विचार करून असे नोंदवले की रुग्णांना पद्धतशीरपणे ए.ए.कडे वळवणाऱ्या उपचारानंतर वर्षभराने पूर्ण न पिणारे सुमारे ४२ टक्के होते, तर इतर मान्य उपचारांनंतर ते ३५ टक्के होते. म्हणजे निम्म्याहून अधिक लोक दोन्हीकडे पुन्हा प्यायले होते. हा आकडा निराश करणारा वाटेल, पण फुकट मिळणारी आणि आयुष्यभर उघडी राहणारी मदत महागड्या उपचारापेक्षा कमी पडत नाही, एवढे तरी त्यातून निश्चित होते.

आता अवघड भागाकडे यायला हवे. ए.ए.चा सगळा डोलारा निनावीपणावर उभा आहे: तेथे कोण आला आणि काय बोलला हे बाहेर जात नाही, या खात्रीवर माणूस तोंड उघडतो. मादन हिप्परग्यासारख्या गावात कोण पितो, किती पितो आणि काल कोणाच्या ओट्यावर पडला होता, हे शाळकरी पोरालाही माहीत असते. तेथे पिणे लपून राहत नाही, लपवावे लागते ते सोडण्याचा प्रयत्न करणे. ही उलटी गोष्ट शहरी वाचकाला चटकन कळत नाही. पिणाऱ्याला गावाने त्याची जागा दिलेली असते, पण ‘हा म्हणे मीटिंगला जातो’ असे कळले की टपरीवर थट्टा सुरू होते, जुने सोबती ‘आज एकच’ म्हणून ग्लास पुढे करतात, आणि तो पुन्हा प्यायला की सगळ्यांना हायसे वाटते. म्हणून या भागातल्या पिणाऱ्याला गावात गट असण्यापेक्षा बाहेरगावचा गट अधिक सुरक्षित वाटला, तर त्याला पळपुटा म्हणण्याचे कारण नाही.

याउलट, या मुलखाची स्वतःची दारू सोडण्याची जी परंपरा आहे, ती पूर्णपणे उघड्यावरची आहे. मराठी बाजूला माणूस गळ्यात तुळशीची माळ घालतो, माळकरी होतो आणि मांस-मद्य सोडतो. माळ सर्वांना दिसावी म्हणूनच असते, आणि तिच्यासोबत एकादशी, भजन, सप्ताह, दिंडी असा संध्याकाळी व सणावारी माणसाला गुंतवून ठेवणारा सोबत्यांचा जथाही मिळतो, जो आधारगटाचे निम्मे काम न बोलता करतो. काही घरांत बेलभंडारा उचलून शपथ घेतली जाते. कन्नड बाजूला बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलच्या मठाचे डॉ. महांत स्वामी यांनी १९७५ पासून ‘महांत जोळिगे’ चालवली: खांद्यावर झोळी घेऊन दारोदार जायचे आणि भिक्षा म्हणून लोकांची व्यसने मागायची. त्यांचा जन्मदिवस १ ऑगस्ट हा कर्नाटकात व्यसनमुक्ती दिन म्हणून पाळला जातो. संघटित स्वरूपात हेच काम दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या श्रीक्षेत्र धर्मस्थळ ग्रामविकास योजनेने उभे केले. धर्माधिकारी वीरेंद्र हेगडे यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली ही योजना आज राज्यभर पसरली आहे, आणि तिच्याशी निगडित जनजागृती वेदिका गावातल्याच सभागृहात आठवडाभराची ‘मद्यवर्जन शिबिरे’ भरवते. शिबिरार्थी तेथेच राहतात, औषधोपचार, समुपदेशन, योग, भजन होते, कुटुंबीयांना बोलावले जाते, समारोपाला गावातली प्रतिष्ठित मंडळी येतात, आणि त्यानंतर त्या शिबिरार्थींची ‘नवजीवन समिती’ स्थापन होऊन ती ठरावीक काळाने भेटत राहते. या प्रकरणाच्या दृष्टीने शिबिरापेक्षा ही समितीच महत्त्वाची आहे, कारण ती खेड्यात, कन्नडमध्ये आणि बस न पकडता मिळणारी मीटिंगच आहे.

उघड्यावर सोडण्याच्या या पद्धतीत मोठे बळ आहे, हे नाकारता येणार नाही. शपथ घेतल्यावर दुकानाची पायरी चढताना चार डोळे पाहत आहेत याची जाणीव राहते, आणि गावाने एकदा सत्कार केला की माणसाला आपल्या नव्या प्रतिमेशी इमान राखावेसे वाटते. तिचा कच्चा दुवा मात्र स्लिपच्या वेळी उघडा पडतो. माळ तुटली, शपथ मोडली, की माणूस स्वतःहून बाजूला होतो; तो समितीच्या बैठकीला जात नाही, भजनाला बसत नाही, आणि ज्या क्षणी त्याला माणसांची सर्वांत जास्त गरज असते त्याच क्षणी त्याच्याजवळ फक्त पिणारे सोबती उरतात. ए.ए.मध्ये याच्या उलट घडते: काल प्यायलेला माणूस आज आला तर त्याला पुढची खुर्ची मिळते, आणि त्याचे शेअरिंग जुन्यांनाही आपल्या पहिल्या दिवसांची आठवण करून देते म्हणून मोलाचे समजले जाते. ज्या वर्गात निम्म्याहून अधिक लोक कधी ना कधी घसरणार हे ठाऊक आहे, तेथे घसरलेल्याला परत येण्याचा रस्ता ठेवणे ही सोयीची बाब राहत नाही, ती पद्धतीची कसोटी ठरते. या लेखनाचा कल म्हणून असा आहे की सीमेवरच्या माणसाने सुरुवात गावातल्या उघड्या पद्धतीने करायला हरकत नाही, पण सोबत एक निनावी मीटिंग, मग ती साठ-सत्तर किलोमीटरवर का असेना, राखून ठेवावी.

दोन्ही पद्धतींचा मेळ घालण्याचे प्रयोग इतरत्र झाले आहेत. जपानमध्ये ए.ए.वरूनच सुचलेली ‘दान्शुकाई’ ही चळवळ उभी राहिली आणि १९६३ मध्ये तिची देशव्यापी संघटना झाली. परंतु जपानी समाजात नाव लपवणे जमेना म्हणून तिने निनावीपणा सोडून दिला, सदस्य पूर्ण नावाने बसतात, वर्गणी भरतात आणि बैठकीला पत्नीही सोबत येते व तिच्या बाजूने काय घडले तेही सर्वांसमोर सांगते. क्रोएशियातल्या झाग्रेबचे मानसोपचारतज्ज्ञ व्लादिमिर हुडोलिन यांनी १९६४ मध्ये सुरू केलेले कुटुंबांचे क्लबही याच धर्तीचे होते आणि पुढे ते इटलीत खूप पसरले. ही उदाहरणे येथे देण्याचे कारण असे की ए.ए.चा साचा जसाच्या तसा खेड्यात बसला नाही तर दोष खेड्याच्या माथी मारण्याची घाई होते, आणि ती अनाठायी आहे.

मराठी माणसाच्या दृष्टीने या मधल्या वाटेवरचे सर्वांत परिचित नाव पुण्याच्या ‘मुक्तांगण’चे. गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनावर अनिल अवचट यांनी लिहिलेल्या लेखांनी अस्वस्थ होऊन पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी दिलेल्या पाठबळातून डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू केले. तेथे दाखल होऊन बाहेर पडलेला माणूस ‘फॉलोअप’ला येतो, हे फॉलोअप पुण्याबाहेर महाराष्ट्रातल्या अनेक शहरांतही चालतात, त्यांत बोलणारे कार्यकर्ते बहुधा स्वतः व्यसनातून आलेले असतात, आणि रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे. पत्नीचा गट ही शोभेची जोड नव्हे. ए.ए.च्या जोडीने १९५१ मध्ये सुरू झालेली ‘अल्-ॲनॉन’ ही कुटुंबीयांची संघटना याच अनुभवातून आली, की पिणाऱ्याची बाटली लपवणे, त्याच्या वतीने मालकाला खोटे सांगणे, उधारी फेडणे यांत घरची बाईच आजारी पडते, आणि नवरा मीटिंगला येवो वा न येवो, तिला स्वतःसाठी बसायला जागा हवी असते. सीमाभागात तिला नवऱ्यापेक्षा प्रवास स्वस्त पडतो, हा एक अनपेक्षित फायदा आहे: कर्नाटकाच्या ‘शक्ती’ योजनेखाली जून २०२३ पासून राज्यातल्या महिलांना राज्य परिवहनाच्या साध्या गाड्यांतून राज्यात मोफत जाता येते आणि मार्च २०२३ पासून महाराष्ट्र एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे कलबुर्गी असो वा सोलापूर, चौकशीला ती आधी जाऊन येऊ शकते. पुष्कळदा पहिली पावले तीच टाकते.

शोध कसा घ्यावा, तर एकाच दारावर थांबू नये. ए.ए.चे भारतातले सर्वसाधारण सेवा कार्यालय मुंबईत आहे आणि कोणत्या शहरात, कोणत्या वारी, कोणत्या भाषेत गट बसतो याची माहिती तेथून किंवा त्या त्या भागाच्या ‘इंटरग्रुप’कडून, म्हणजे अनेक गटांच्या सामायिक कार्यालयाकडून मिळते. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची ‘टेली-मानस’ १४४१६ या दोन्ही विनाशुल्क आहेत. टेली-मानसवर कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत बोलता येते. फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात: गट गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष भरला होता का, बोलणे कोणत्या भाषेत चालते, आणि मीटिंग किती वाजता सुटते. पहिला प्रश्न यासाठी की छापील यादीतला गट बंद पडूनही नाव यादीत राहते. दुसरा अधिक महत्त्वाचा. आपल्या बेइज्जतीची गोष्ट माणूस ज्या भाषेत भांडतो आणि रडतो त्याच भाषेत सांगू शकतो, आणि घरात मराठी बोलणाऱ्याला कलबुर्गीच्या कन्नड गटात नुसते समजत असून भागत नाही, त्याने एकदा सोलापूरच्या मराठी गटातही बसून पाहावे. तिसऱ्याचे कारण मुक्कामी गाडी. संध्याकाळची मीटिंग आठाला सुटली तर परतीची शेवटची बस गेलेली असते, आणि स्टँडवर अडकलेल्या माणसाच्या समोरच दारूचे दुकान उघडे असते. म्हणून लांबून येणाऱ्याने दिवसा भरणारी, शक्यतो रविवारची मीटिंग निवडावी. शहरात नव्या माणसाला ९० दिवसांत ९० मीटिंगचा सल्ला देतात. खेड्यातून तो पाळणे अशक्य आहे, आणि न पाळता आल्याने आपण नापास झालो असे मानण्याची गरज नाही. आठवड्याला एक प्रत्यक्ष मीटिंग, मधल्या दिवसांत स्पॉन्सरला फोन, आणि २०२०च्या टाळेबंदीनंतर रुळलेल्या ऑनलाइन मीटिंगपैकी एखादी, एवढे जमले तरी पुष्कळ. ऑनलाइन मीटिंगचा एक विशेष फायदा असा की तिच्यात गावातला कोणी भेटण्याची भीती जवळजवळ नसते. अडचण एवढीच की एका खोलीच्या घरात बोलायला एकांत मिळत नाही, तेव्हा शेताच्या बांधावर जाऊन इअरफोन लावणे हा उपाय लोकांनी शोधलेला आहे.

पहिल्या मीटिंगवरून गटाची परीक्षा करू नये, कारण पहिल्या दिवशी समोरच्याच्या बोलण्यापेक्षा स्वतःची लाजच मोठ्याने ऐकू येते. निदान पाच-सहा वेळा बसून मग ठरवावे. त्यानंतरही गट मानवला नाही तर दुसरा शोधावा. गट आणि व्यसनमुक्ती केंद्र यांत मात्र गल्लत करू नये. केंद्रात माणसाला ठेवून घेतात आणि त्याचे पैसे असतात. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत दारूच्या व्यसनातून येणाऱ्या मानसिक अवस्था येतात, म्हणून अशा केंद्राची नोंदणी आहे का, डॉक्टर नियमित येतो का, घरच्यांना भेटू देतात का, हे पाहूनच पाऊल उचलावे. बांधून नेणाऱ्या, मारहाणीला शिस्त म्हणणाऱ्या ठिकाणाहून माणूस सुटून आला की पुन्हा कोणत्याही मदतीच्या दाराशी जात नाही.

बाहेरच्या गटात वर्ष-सहा महिने टिकलेल्या माणसाला पुढे आपल्या होबळीत गट असावा असे वाटू लागते, आणि ए.ए.च्या परंपरेत न पिण्यासाठी एकत्र जमलेले दोघे-तिघे मद्यपीदेखील गट म्हणवून घेऊ शकतात, त्यामुळे संख्येची वाट पाहण्याचे कारण नसते. आळंद-उमरगा भागातून कामासाठी पुणे-मुंबईला गेलेले आणि तेथे मीटिंगची सवय लागलेले लोक सणाला गावी येतात, अशा एखाद्याशी गाठ पडणे हीच बहुधा सुरुवात असते. जागा निवडताना मठ, देऊळ, दर्गा किंवा पुढाऱ्याचे कार्यालय टाळलेले चांगले, कारण तेथे बसले की एका बाजूची माणसे येतात आणि दुसऱ्या बाजूची येत नाहीत. वाचनालय, शाळेचा रिकामा वर्ग किंवा तालुक्याच्या गावातली भाड्याची खोली निर्धोक. बोलण्याची भाषा आधी ठरवून न ठेवता ज्याला जी येते तीत बोलू द्यावे; या मुलखात बहुतेकांना दुसऱ्याची भाषा ऐकून कळते, हे इतरत्र नसलेले भांडवल आहे. गट मोडतो तो बहुधा हंगामात: तूर निघते, पैसा हातात येतो, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि चार खुर्च्यांपैकी तीन रिकाम्या होतात. जे गट टिकतात ते दिवाळीच्या आधीच एकमेकांचे फोन क्रमांक लिहून घेतात, टोळीबरोबर जाणाऱ्याला कारखान्याच्या जवळच्या गटाचा वार आणि पत्ता शोधून देतात, आणि मागे राहिलेला एकटा सदस्यही ठरलेल्या वेळी खोली उघडून तासभर बसतो.